तीन दांड्यांचा घोडा

दसरा झाला की भाऊसोंच्या पेढीवरून रशीदाला फोन यायचा. "भाभी, पत्रं कापायला घ्या, कांदा निघालाय," एवढं बोलून भाऊसो फोन ठेवून द्यायचे. लोणंदच्या बाजारात कांद्याची आवक सुरू झाल्यावर व्यापाऱ्याला बोलायला सवड कुठली? पण त्या एका वाक्यासाठी रशीदा नवरात्रापासून फोन जिवापाड जपायची. आंघोळीला जाताना तो बादलीजवळच्या कोनाड्यात, झोपताना उशाशी. बाकी वर्षभर तो वाजला तर दोनच कारणांनी वाजायचा. एक तर कर्ज हवंय का विचारणारी गोड आवाजाची बाई, नाहीतर रविवारी बंगळूरहून मोहसीन. मोहसीन तिचा एकुलता एक मुलगा. चांगल्या पगारावर होता, आईला काही कमी पडू देत नव्हता, आणि आईशी बोलताना कायम कुठंतरी निघालेला असायचा.

यंदा दसरा गेला, कोजागिरी गेली, दिवाळीचे आकाशकंदील दुकानांना लागले, तरी पेढीवरून फोन आला नाही.

ज्यांनी कांद्याची गोणी फक्त भाजीवाल्याकडं पाहिली आहे त्यांना पत्रा म्हणजे काय ते सांगायला हवं. तेलाचा पंधरा किलोचा डबा उसवून सपाट करायचा, त्यावर चित्र काढायचं आणि छन्नी-हातोडीनं ते कोरून काढायचं. तो पत्रा गोणीवर ठेवून वरून काळ्या शाईचा बोळा फिरवला की व्यापाऱ्याचा मार्का उठतो. भाऊसोंचा मार्का घोडा. गोल कड्यात घोडा, आणि तोही साधासुधा नाही, पुढचे पाय उचलून उधळलेला. हंगामाला असे सहा पत्रे लागत. शाई धरून कडा जाड होत, हमालांच्या हातून पत्रे वाकत, म्हणून दरसाल नवे करायचे.

हे काम चांदसाहेबांचं, असं अख्खं लोणंद समजून होतं. चांदसाहेब म्हणजे रशीदाचे मालक, पाट्या रंगवणारे पेंटर. आठ वर्षांपूर्वी ते वारले. त्यानंतर बाईमाणूस नव्या पत्र्यावर जुना ठेवून कसंबसं गिरवते, असं लोक म्हणत आणि तिचं कौतुकही करत. ती काही बोलायची नाही. स्टेशनामागच्या त्या दोन खोल्यांत तिचं कुणावाचून अडत नव्हतं, आणि तिच्यावाचूनही कुणाचं अडत नव्हतं. फक्त वर्षातून एकदा, दसऱ्यानंतर, भाऊसोंचं अडायचं. तेवढ्यावर ती वर्ष काढायची.

शेवटी तिनं न बोलावताच सहा पत्रे कापले, जुन्या चादरीत बांधले आणि बाजाराच्या दिवशी पेढीवर गेली.

पेढीवर भाऊसोंच्या गादीशेजारी आता टेबल आलं होतं आणि टेबलामागं त्यांची सून अंकिता बसली होती. पुण्याला मार्केटिंग शिकून, तिथं चार वर्षं नोकरी करून आलेली. मुलगी चांगली, उर्मट नाही. रशीदाला बघून उठली, खुर्ची दिली, चहा सांगितला. टेबलावर लाल जाळीच्या पिशव्यांची चळत होती. पाच किलोच्या पिशव्या, प्रत्येकीवर गुळगुळीत सोनेरी लेबल. लेबलावर घोडा होता. कडं अखंड गोल, आणि आत घोडा चारही पाय टेकून, शाळेच्या प्रार्थनेला उभा केल्यासारखा.

"चाची, आपण रिब्रँडिंग करतोय," अंकिता म्हणाली. "मॉलला गोणी चालत नाही. सगळं आता ह्या पॅकमध्ये. सांगलीला डिझाइन करून घेतलं. कसंय?"

"गुळगुळीत हाय," रशीदा म्हणाली.

"आणि तुम्हाला पत्र्यांचा त्रास नाही आता. ह्या वयात छन्नी कशाला धरायची? आराम करा."

'आराम करा' हे आपल्याकडं माणसाला घालवायचं सगळ्यात सभ्य वाक्य आहे. बोलणाऱ्याच्या मनात पाप नसतं, म्हणून तर ते जास्त लागतं. रशीदानं चहा संपवला, कप आत नेऊन विसळला, चादरीचं गाठोडं उचललं आणि ती घरी आली. सहा पत्रे पलंगाखाली सरकवले. फोन उशाशी ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तिनं ठेवला.

आता तो घोडा उधळला कसा, हे सांगायला हवं. सांगणारे दोघंच होते, त्यांतला एक गेला.

रशीदा एकोणीस वर्षांची होती, लग्नाला सहा महिने झालेले. भाऊसोंच्या वडिलांनी नवी पेढी काढली होती आणि घोड्याचा मार्का चांदसाहेबांना सांगितला होता. चित्र काढून झालं आणि चांदसाहेबांना टायफॉइड झाला. मालगाडीच्या वाघिणी संध्याकाळी भरायच्या होत्या. पेढीचा माणूस दुपारी दारात येऊन बसला, पत्रा दिल्याशिवाय हलेना. चांदसाहेब उठून बसले आणि छन्नी धरायला गेले तर छन्नी हातातून पडली. मग ती रशीदानं उचलली. तिच्या बापाचं फलटणला डबे-कंदील दुरुस्तीचं दुकान होतं. पत्रा आणि कथील तिच्या हाताला लहानपणापासून ओळखीचे होते.

तिनं घोडा झकास कापला. मग भोवतीचं कडं कापायला घेतलं, आणि तिथं चुकली. कड्याच्या आतली चकती बाहेरच्या पत्र्याला धरून राहावी म्हणून मध्येमध्ये चार बारीक दांड्या न कापता सोडायच्या असतात; गोणीवर तेवढ्या जागी कडं तुटलेलं उठतं. ती भरात सगळं कडं गोल कापत गेली. शेवटचा घाव घातला आणि घोड्यासकट चकती टणकन जमिनीवर पडली.

रशीदा रडायलाच लागली. चांदसाहेब म्हणाले, "रडू नको. डाग दे. मी धरतो." पत्र्याच्या पट्ट्या कापायला वेळ नव्हता. घरात तारेचे तीन तुकडे निघाले, चौथा मिळाला नाही. चांदसाहेबांनी चकती भोकात बसवून दोन्ही हातांनी धरली आणि रशीदानं तारा ठेवून कथलाचे डाग दिले. पण धरणाऱ्याच्या अंगात ताप होता. हात थरथरत होते. डाग थिजला तेव्हा चकती फिरलेली होती. उभा घोडा तिरपा होऊन पुढचे पाय हवेत गेले होते. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. तेवढ्यात पेढीचा माणूस आत आला आणि पत्रा उचलून घेऊन गेला.

आठ दिवसांनी ताप उतरल्यावर चांदसाहेब घाबरत पेढीवर गेले, तर म्हातारे शेठ गादीवरून उठून म्हणाले, "चांदसाहेब, घोडं काय उधळवलंय गड्या! समदा बाजार बघतोय."

बाजारात बाईच्या हातच्या मार्क्याला त्या वेळी कुणी हात लावला नसता. चांदसाहेबांनी मान डोलावली आणि घरी येताना गरम भजी आणली. तेव्हापासून तसेच तिरप्या घोड्याचे, तीन दांड्यांचे पत्रे रशीदानं कापायचे, चांदसाहेबांनी धरायचे आणि नाव चांदसाहेबांचं, असं ठरलं. पोराच्या तोंडात काही राहत नाही म्हणून मोहसीनलाही सांगितलं नाही. चांदसाहेबांनाच ते लागत असे. एकदा तेच म्हणाले, "पत्र्याच्या मागं तुझा र कोरत जा. गोणीवर उठत न्हाई, पण आपल्या दोघास्नी ठावं." मग दर पत्र्यामागं कोपऱ्यात एक बारीक र असायचा. ज्यांनी कधी पत्रा उलटा करून बघितला त्यांना तो ओरखडा समजून सोडून देता येत होता.

आपलं नाव एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं घ्यावं असं रशीदाला वाटत नव्हतं का? वाटत होतं. पस्तीस वर्षं वाटत होतं. मालक होते तोवर ते वाटणं हलकं होतं, कारण जाणणारं एक माणूस घरात होतं. ते गेल्यावर ते जड झालं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि भाऊसो स्वतः स्कूटरवरून दारात आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"भाभी, जुनं घोडं द्या माघारी."

"का वं, काय झालं?"

"बंगळूरला दोन गाड्या अडकल्या. तिथलं हमाल, दलाल, सगळी कानडी माणसं. त्यास्नी आपलं नाव वाचाय येत न्हाई, घोडं बघून माल उचलत्यात. हारो कुदुरे म्हणत्यात, उड्या मारणारं घोडं. ह्यो उभा घोडा बघून म्हणाले, पेढी बुडाली वाटतं, कुणी दुसऱ्यानं घेतली. आमचा माल न्हवंच म्हणत्यात! फोन करून करून घसा बसला माझा."

रशीदा पलंगाखाली वाकली. गाठोडं ओढताना तिच्या हातांना घाई झाली होती. तिच्यावाचून पुन्हा कुणाचं तरी अडलं होतं. तिनं सहाही पत्रे पुढं ठेवले, पण भाऊसोंनी त्यातला एकच उचलला.

"एक बास झाला. सांगलीला नेऊन कॉम्प्युटरवर चढवायचा हाय. सूनबाई उद्या गाडी घिऊन जातीया. तुमी बी जावा संगं. बिघडवलं तर सांगाय कुणीतरी पायजे."

दुसऱ्या दिवशी अंकिताच्या गाडीतून रशीदा सांगलीला गेली. अंकिता वाटेत फार बोलली नाही. चूक आपली झाली हे तिला समजलं होतं आणि ती ते मनाला लावून घेत होती. कराडच्या पुढं एकदाच म्हणाली, "चाची, मी खूप विचार करून केलं होतं हो."

विश्रामबागेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ऋषिराजचं ऑफिस होतं. चाळिशीचा माणूस, दोन कॉम्प्युटर, खिडकीत कोमेजलेली तुळस. पुण्याच्या जाहिरात कंपनीत बारा वर्षं काढली होती त्यानं. मशीन चित्रं काढायला लागल्यावर कंपनीनं निम्मी माणसं कमी केली, त्यात हा. सांगलीत आता हळदीची पाकिटं, बेदाण्याचे खोके, वाढदिवसाचे बॅनर, येईल ते काम करत होता.

"काल मी मशीनला सांगितलं, उधळलेला घोडा काढ," तो रशीदाला म्हणाला. "चाळीस काढले त्यानं. आयाळ काय, दंड काय, विचारू नका. पण भाऊसोंना एकही पसंत नाही."

त्यानं पत्रा यंत्रावर ठेवला. पडद्यावर घोडा मोठा होऊन आला. इतका मोठा तो रशीदानं कधी पाहिला नव्हता. त्याच्या पोटावरची छन्नीची प्रत्येक टोच तिला ओळखू आली. मशीननं आपणहून घोड्याखाली एक निळी रेघ आखली. चित्र वाकडं आहे, सरळ करू का, असं ते विचारत होतं.

"नगं," रशीदा एकदम म्हणाली. "सरळ नगं करू."

"नाही करत चाची." ऋषिराजनं माप घेतलं. "अकरा अंश. शिकलेल्या माणसानं दहा केले असते, नाहीतर पंधरा. आणि कड्याला दांड्या तीनच. चौथी मुद्दाम गाळलीय. त्यामुळं कडं फोडून घोडा बाहेर पडतोय असं वाटतं. काय डोकं होतं हो चांदसाहेबांचं!"

अंकिता लॅपटॉपवर भराभर लिहीत होती. पिशवीच्या मागच्या बाजूला मार्क्याची गोष्ट छापायची होती. "पस्तीस वर्षांपूर्वी लोणंदच्या एका द्रष्ट्या कलावंतानं," ती मोठ्यानं वाचत होती.

ऋषिराजनं पत्रा उलटा करून मागची बाजू बघितली. "हा र कशाचा?"

 रशीदानं पदर सावरला.

"माझा," ती म्हणाली. "पत्रं मी कापते. पयल्यापास्नं. पयला बी मीच कापला."

मग तिनं सगळं सांगितलं. टायफॉइड, पडलेली चकती, तारेचे तीन तुकडे, मालकांचे थरथरणारे हात. पस्तीस वर्षं आत ठेवलेली गोष्ट सांगायला जेमतेम पाच मिनिटं लागली, याचं तिलाच नवल वाटलं. ऋषिराज खुर्ची फिरवून ऐकत होता. अंकिताचे डोळे चमकायला लागले होते.

"चाची! हे आधी का नाही सांगितलं? अहो, हे तर कितीतरी भारी आहे! तुमचं नाव, तुमचा फोटो, प्रत्येक पिशवीवर!" तिची बोटं पुन्हा चालू लागली. "एकोणीस वर्षांची रशीदा उधळलेला घोडा पाहते आणि त्यात तिला स्वातंत्र्याचं स्वप्न दिसतं..."

"मी घोडा न्हवता बघितला, पोरी. दांड्या ठेवायच्या इसरले."

"ते कळलं चाची. पण चुकीतून झालं असं छापता येत नाही. मॉलवाले म्हणतील, ह्यांच्या मार्क्यातच चूक, तर कांद्याचं काय? ब्रँड म्हटलं की सगळं विचार करून केलेलं असावं लागतं."

"आन मालकांचा ताप?"

अंकितानं क्षणभर विचार केला. "पतीच्या भक्कम पाठिंब्यानं, असं घालू."

रशीदाला हसू आलं. भक्कम! त्या दिवशी तो माणूस भिंतीला टेकून बसला होता, दात वाजत होते, आणि कथील अंगावर उडेल म्हणून ती त्याला हात काढ म्हणत होती तरी त्यानं हात काढला नव्हता. त्या थरथरीतून हा घोडा झाला. ती पुसायची आणि वर आपला फोटो लावायचा. नाव मिळत होतं. फक्त ते घेताना ती दुपार देऊन टाकायची होती, आणि तिच्याजवळ दुसरं होतं काय?

"ऱ्हाऊ दे पोरी," ती म्हणाली. "चांदसाहेबांचंच नाव घाल. तू आदी लिवलं तेच बरं हाय."

"पण ते खोटं आहे ना चाची? आत्ता तर तुम्हीच सांगितलंत."

"खोटंच छापायचं असंल तर आमचं जुनं खोटं छाप. ते दोघांनी मिळून केलेलं हाय."

 अंकितानं हळूच मागची ओळ पुसली आणि पुन्हा 'द्रष्ट्या कलावंतानं' लिहिलं. ऋषिराजनं रशीदाकडं बघून विचारलं, "साफ करू का? डाग, ओरखडे सगळे जातील." तिनं मान डोलावली. त्यानं एक बटण दाबलं. पत्र्यावरचे डाग गेले, टोचा गेल्या, मागच्या बाजूचा र तर त्यानं चढवलाच नव्हता. घोडा स्वच्छ झाला. तिरपा होता, कड्याला दांड्या तीनच होत्या. मग ऋषिराजनं पत्रा दोन्ही हातांनी तिला परत दिला.

"आता हा लागणार नाही चाची. फाइल झाली." म्हणताना त्याची नजर खाली होती. हे वाक्य त्यालाही कुणीतरी कधी ऐकवलं असावं.

अंकिताला पुढं कोल्हापूरला मीटिंग होती. तिनं रशीदाला सांगली स्टेशनवर सोडलं, तिकीट काढून दिलं, भडंगाची पुडी घेऊन दिली. गाडीत खिडकी मिळाली. किर्लोस्करवाडी गेली, कराड गेलं, ऊसतोडणीच्या टोळ्या फडाकडेला चुली पेटवत होत्या. समोरच्या बाईनं विचारलं, "मांडीवर काय हाय वं, पत्रा?" रशीदा म्हणाली, "व्हय, पत्रा." बाईनं पुढं काही विचारलं नाही. साताऱ्याला ती उतरून गेली आणि वाठारपासून लोणंदपर्यंत त्या बाकावर रशीदा एकटीच होती.

बंगळूरच्या गाड्या सुटल्या. माल पुन्हा उचलला जायला लागला. भाऊसोंनी मिठाई पाठवली. पुढच्या दसऱ्याला फोन आला नाही, आणि येणार नाही हे रशीदाला माहीत होतं. तरी त्या आठवड्यात तिनं दोन वेळा फोनचा आवाज वाढवून बघितला.

दिवाळीनंतर एका बुधवारी भाकरी थापताना फोन वाजला. मोहसीन होता. रविवार नसताना. 

"काय झालं रं? बरा हायस ना?"

"अम्मी, अब्बांचा घोडा! मॉलमध्ये उभा आहे मी, कांद्याच्या पिशवीवर अब्बांचा घोडा! मागं अब्बांचं नाव पण छापलंय. मी इथं सगळ्यांना दाखवतोय."

त्याचा आवाज लहानपणच्यासारखा झाला होता. आज तो कुठं निघालेला नव्हता. त्यानं ती गोष्ट तिला अख्खी वाचून दाखवली, द्रष्टे कलावंत आणि दूरदृष्टी सगळं. रशीदानं गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातानं फोन धरून ती पाटावर बसली.

"अम्मी, अब्बांनी हा कापला तेव्हा तू कुठं होतीस गं?"

आता सांगता आलं असतं. अडवायला कुणी नव्हतं, मॉलवाला नाही, अंकिता नाही. पण मोहसीनच्या आवाजात बाप आला होता, आठ-नऊ वर्षांनी आला होता. त्याला हाकलायचं तिच्या जिवावर आलं.

"मी व्हय?" ती म्हणाली. "मी पत्रा धरून बसले हुते."

मोहसीन मोठ्यानं हसला. "मग काय द्रष्टे आणि दूरदृष्टी! तुझा हात हलला असणार अम्मी, म्हणून घोडा तिरका झाला!"

रशीदाच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. पिठाच्या हातानं ते पुसताही येईना. जे छापता येत नव्हतं ते पोरानं चेष्टेत बोलून टाकलं होतं. फक्त हात बदलले होते.

"व्हय रं," ती म्हणाली. "हात हलला."

"बरं अम्मी, बिलाची रांग सरकली, रविवारी करतो," मोहसीन म्हणाला आणि फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली होती. रशीदानं ती उलटली आणि फोन पुसून कोनाड्यात ठेवला.